क्रूझवरची गडबड-पिशवी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. या एका हंगामात चार वेगवेगळ्या सफरींवर (मुंबई–गोवा, मुंबई–लक्षद्वीप, सिंगापूर–पेनांग–फुकेत आणि ग्रीस–तुर्कस्तान) सफरीत काही गडबड झाली तर कामाला यावी अशी एकच तयारी वापरून पाहिली. कमरेला बांधायचं छोटं पाकीट, दहा लिटरची पाणी न शिरणारी पिशवी, कागदपत्रांचा संच, प्रवास विमा आणि परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस, एवढीच ती तयारी. सगळं मिळून वजन अडीच किलोच्या आसपास. सर्वांत हलक्या वस्तू सर्वांत जास्त कामाला आल्या आणि ज्यावर सर्वांत जास्त पैसे गेले होते, त्यातलं निम्मं बाहेरही निघालं नाही.

लोक घाबरतात जहाज बुडेल म्हणून. प्रत्यक्षात नेहमी घडतं ते एवढंच, की ठरलेलं बंदर गळतं, म्हणजे जहाज तिथे थांबतच नाही. जिथे जहाज धक्क्याला लागत नाही, नांगर टाकून छोट्या बोटींनी किनाऱ्यावर न्यावं लागतं, तिथे हा धोका कायमच असतो. लक्षद्वीपच्या बेटांवर हेच, फुकेतला पाटोंगच्या खाडीतही हेच. तिथे वारा किती आहे यापेक्षा महत्त्वाची असते लांब पल्ल्याची फुगणारी लाट. मोठं जहाज स्थिर दिसतं, पण त्याच्या कुशीला लागलेली बोट मीटरभर वर-खाली होते आणि दारातून बोटीत पाय टाकणाऱ्याचा घोटा मोडतो. म्हणून कप्तान लखलखीत उन्हातही 'आज उतरणार नाही' म्हणतो आणि तो बरोबर असतो. सांतोरिनी आणि मिकोनोसला जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा हेच करतो. तिकीट काढतानाच प्रत्येक बंदरापुढे 'धक्का' की 'बोट' हे लिहून ठेवा. ज्या एका बंदरासाठी सगळा खर्च करताय ते 'बोट' प्रकारातलं असेल, तर हंगाम बदला किंवा मार्ग बदला.

दुसरं कारण यंत्राचं. आजच्या बऱ्याच मोठ्या जहाजांना खाली फिरणाऱ्या शेंगेसारखे 'पॉड' असतात, त्यातच विजेची मोटर आणि पंखा. एका पॉडचं बेअरिंग गेलं की जहाज चालत राहतं, पण हळू, आणि बहुतेक वेळा दुरुस्तीसाठी सुक्या (पाणी काढून टाकलेल्या) गोदीतच जावं लागतं. हिशेब साधा आहे : ४०० सागरी मैल २० नॉटने (म्हणजे ताशी २० सागरी मैलांनी) २० तासांत होतात, १५ नॉटने पावणेसत्तावीस तास लागतात. सकाळी आठला पोहोचायचं बंदर दुपारी पावणेतीनला येतं आणि संध्याकाळी पाचला निघायचं असेल, तर ते गाळलंच जातं. म्हणून सफर सुरू होण्याआधी दोन आठवडे त्या जहाजाच्या आधीच्या फेऱ्या वेळेवर होत्या का, हे जहाजांचा माग दाखवणाऱ्या नकाशावर बघायची सवय आम्ही लावली. त्या नकाशाची फुकट आवृत्ती पुरते. सलग दोन फेऱ्यांत वेग नेहमीपेक्षा कमी दिसला, तर कंपनीच्या ईमेलच्या आधीच अंदाज येतो.

आता पैशांचं. तिकिटाच्या करारात मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. गळलेल्या बंदराचं म्हणून हातात सहसा येतात ते फक्त त्या बंदराचे कर आणि शुल्क, तेही तुमच्या केबिनच्या खात्यात जमा. जहाजाकडून घेतलेली किनाऱ्यावरची सहल आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, बाहेरच्या चालकाकडून घेतलेली नाही. बाहेरची सहल स्वस्त पडते हे खरं, पण आम्ही ती फक्त धक्क्याच्या बंदरात घेतो आणि 'जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा' हे वाक्य चालकाकडून लेखी मिळालं तरच.

करारात नसलेलंही कधी कधी मिळतं, पण एकत्र मागितलं तर. जानेवारी २००६ मध्ये 'क्वीन मेरी २' फ्लोरिडातल्या पोर्ट एव्हरग्लेड्समधून निघताना जलमार्गाच्या कडेला घासलं, चारपैकी एक पॉड निकामी झाला आणि वाटेतली बंदरं गाळत जहाज रिओकडे निघालं. सुरुवातीला निम्मी रक्कम देऊ केली होती. रिओला उतरणार नाही असं प्रवाशांनी ठणकावल्यावर पूर्ण परतावा मिळाला. उतरण्यास नकार द्या असं आम्ही सुचवत नाही, त्यात कायद्याच्या भानगडी आहेत. पण स्वागतकक्षासमोर एकट्याने भांडण्यापेक्षा वीस केबिनच्या सह्यांचं एक पानी पत्र जास्त काम करतं. त्यात तीनच गोष्टी लिहा : काय ठरलं होतं, काय मिळालं, काय हवं.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी : क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली. यंत्र बिघडून सफर रद्द झाली तर पूर्ण परतावा, मध्येच संपली तर अंशतः परतावा आणि घरी पोहोचवण्याची सोय, भलत्याच बंदरात रात्र काढावी लागली तर मुक्काम, असं त्यात आहे. पण ती अमेरिकन प्रवाशांनी उत्तर अमेरिकेत काढलेल्या तिकिटांसाठी आहे. पुण्यात किंवा मुंबईत तिकीट काढणाऱ्याने ती आपल्याला लागू आहे असं धरून चालू नये. इथे घेतलेल्या तिकिटासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि मग जिल्हा ग्राहक आयोग हा रस्ता आहे, मुदत दोन वर्षांची.

या सगळ्याला जीव येतो तो एका कागदाने. बंदर गळलं, उशीर झाला किंवा केबिनमध्ये बंद राहावं लागलं की त्याच दिवशी स्वागतकक्षाकडून जहाजाच्या लेटरहेडवर चार ओळी मागून घ्यायच्या : तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, कारण. उतरल्यावर हे पत्र मिळवायला आठवडे जातात. विमा कंपनी सर्वांत आधी हेच मागते. हंगामात दोनदा हे पत्र मागितलं, दोन्हीदा अर्ध्या तासात मिळालं. रोज खोलीत येणारा दिनक्रमाचा कागदही टाकू नका, ठरलेल्या वेळेचा तो छापील पुरावा आहे.

विम्याबद्दल नाराजी आहे. नेहमीच्या परदेश प्रवास पॉलिसीत 'विलंब' आणि 'चुकलेली जोडणी' या कलमांची व्याख्या अनेकदा विमानापुरतीच असते. पॉलिसीच्या पूर्ण मजकुरात 'क्रूझ' हा शब्द शोधा. चुकलेलं बंदर, केबिनमध्ये सक्तीचा मुक्काम, समुद्रातून हेलिकॉप्टरने हलवणं, हे तिन्ही स्पष्ट शब्दांत लिहिलेलं नसेल तर ते नाही असंच समजा. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये थेट केबिनच्या खात्यावर चढतं आणि आपला देशातला आरोग्य विमा तिथे बहुधा चालत नाही.

कागदपत्रांत भारतीय पासपोर्टवाल्यांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते व्हिसाच्या 'एंट्री'कडे. ग्रीसहून तुर्कस्तानच्या कुशादासीला गेलात की शेंगेनच्या (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर पडलात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत ग्रीसमध्ये शिरता येत नाही. ठरलेल्या मार्गात दोन प्रवेश लागत असतील, तरी अर्ज 'मल्टिपल'चाच करा, कारण मार्ग बदलला तर तिसरा लागू शकतो. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांनाही हाच नियम लावा. अमेरिकेत जन्मलेली मुलं जन्मदाखल्यावर त्याच बंदरात परतणाऱ्या सफरीला जाऊ शकतात, हे खरं. पण सफर मेक्सिकोत किंवा एखाद्या बेटावर संपली, तर विमानाने परतायला पासपोर्टच लागतो. मुलांचाही काढून ठेवा.

आता मुख्य गोष्ट, वीज जाणं. दुर्मिळ आहे, पण पिशवी खरी त्यासाठीच. फेब्रुवारी २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ'च्या एका जनरेटरची इंधनाची लवचीक नळी गळली, आग लागली, आग विझली, पण वीज गेली. चार हजारांहून जास्त माणसं चार दिवस त्या जहाजावर होती, शेवटी टगबोटींनी ओढत अलाबामातल्या मोबिल बंदरात आणलं. हाल झाले ते आगीने नाही, संडासाने. जहाजावरचे संडास निर्वात पद्धतीचे, वीज गेली की ओढणारी हवाच नाही. आणीबाणीचा जनरेटर ४५ सेकंदांत सुरू व्हावा आणि ३६ तास पुरावा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण तो दिवे, संपर्कयंत्रणा, आगीचे पंप यांच्यासाठी. एसी, स्वयंपाकघर आणि संडास त्यावर चालतील असं गृहीत धरू नका. १ जुलै २०१० नंतर बांधलेल्या मोठ्या जहाजांना एका भागात आग किंवा पाणी आलं तरी बंदर गाठता यावं अशी रचना करावी लागते आणि सुरक्षित भागात दर ५० माणसांमागे एक संडास, दर माणशी रोज ३ लिटर पाणी ठेवावं लागतं. म्हणून जहाज निवडताना बांधणीचं वर्ष बघा. नवं कारंजं आणि नवी घसरगुंडी नंतर.

वीज गेली तर पहिल्या दहा मिनिटांत करायचं ते असं. फ्लश दाबू नका, मागे साचतं. बेसिनच्या नळाला जोर आहे तोवर बाटल्या भरून घ्या. डोक्याला लावायचा दिवा काढा, मोबाइलच्या टॉर्चवर बॅटरी उधळू नका. वीज गेल्यावरही कार्डाचं कुलूप बहुधा स्वतःच्या बॅटरीवर चालतं, म्हणून कार्ड न घेता केबिनबाहेर पडू नका. पिशवीत दहा जाड काळ्या पिशव्या आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवा. त्यांचं काम काय ते वेगळं सांगायला नको.

पॉवरबँक २०,००० एमएएचची घेतली, म्हणजे ७४ वॉट-तास. विमानात १०० पर्यंत चालतं, तेही फक्त हातातल्या सामानात. ५,००० एमएएचचा फोन तिने जेमतेम अडीच ते तीन वेळा भरतो, बाकीचं व्होल्टेज बदलताना उष्णतेत जातं. चारऐवजी दोनच वेळा असं धरून चाला. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब रोखणारा भाग) असलेली एक्स्टेन्शन मात्र घरीच ठेवा. जहाजाच्या वीजजोडणीत दोन्ही तारांत वीज असू शकते, तिथे अशी पट्टी तापून पेटू शकते. म्हणून सामान तपासताना ती काढून घेतात.

खाणं : स्वयंपाकघर बंद पडलं की थंड सँडविच येतात आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला पाव उरतो. माणशी अर्धा किलो कोरडं सामान पुरतं : राजगिरा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खाकरा, फुटाणे. कारखान्यातलं सीलबंद आणि लेबल असलेलं घ्या, घरचं डब्यातलं अनेक जहाजं चढू देत नाहीत. भडंग आणि चिवडा टाळा, तहान लागते. आणि हे सामान घेऊन बंदरात उतरू नका, शेतीमालाचे नियम कडक असतात.

औषधं सफरीचे दिवस अधिक सात, मूळ पट्ट्यांत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव. ओआरएसच्या सहा पुड्या. केबिनचा छोटा फ्रीज नुसता गारवा देतो, इन्सुलिनसाठी त्यावर विसंबू नका. जहाजाच्या दवाखान्यात ठेवायला द्या आणि दोन दिवसांचं पाण्यात भिजवून वापरायच्या जेलच्या थैलीत स्वतःकडे ठेवा. ही थैली या हंगामातली सर्वांत चांगली खरेदी. उलटीच्या गोळीने झोप येते, ती पहिल्या दिवसाच्या सुरक्षा-कवायतीनंतर घ्या.

कमरेच्या पाकिटाचं कारण 'व्हायकिंग स्काय'. २३ मार्च २०१९ ला नॉर्वेच्या हुस्टाडविका भागात वादळात या जहाजाची सगळी इंजिनं बंद पडली. वंगणतेलाची पातळी कमी होती, जहाज हेलकावताच पंपांना तेल मिळेनासं झालं. जहाजावरच्या १,३७३ जणांपैकी ४७९ जणांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचललं. दोरीवर लटकणाऱ्याला बॅग नेता येत नाही. पासपोर्ट, तीन दिवसांच्या गोळ्या, चष्मा, एक कार्ड, थोडे डॉलर किंवा युरो, फोन नंबरांचा कागद, एवढंच अंगावर हवं. पट्टा रुंद घ्या, लाइफ जॅकेटखाली अरुंद पट्टा रुततो. सात आखूड आणि एक लांब असा आणीबाणीचा भोंगा ऐकला की केबिनकडे न धावता आपल्या जमण्याच्या जागी जायचं, जॅकेट तिथेही मिळतात. ती जागा चढताच पायी चालून बघा, लिफ्टशिवाय.

साथीचंही सांगायला हवं. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर ६६ जण कोविडबाधित निघाले आणि ते जहाज मुंबईला परत पाठवलं गेलं. उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण आणि वीस सेकंद पाणी लागतं. बुफेच्या दारात फवारा मारला म्हणून हात धुणं टाळू नका.

मागे राहणं हाही अपघातच. मार्च २०२४ मध्ये 'नॉर्वेजियन डॉन'चे आठ प्रवासी साओ टोमे बेटावर मागे राहिले आणि जहाज गाठायला त्यांना देशामागून देश ओलांडत डाकारपर्यंत जावं लागलं. फोन आपोआप स्थानिक वेळ घेतो, जहाज स्वतःच्या वेळेवर चालतं. हातात काट्यांचं साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा, आणि दिनक्रमाच्या कागदावर बंदरातल्या एजंटाचा नंबर असतो, त्याचा उतरण्याआधी फोटो काढा.

निरुपयोगी ठरलं ते : वॉकीटॉकीचा जोड (पोलादी भिंतींमुळे दोन मजल्यांपलीकडे आवाज जात नाही), स्वतःचं फुगवायचं जॅकेट, आणि कंपनीच्या ॲपवर ठेवलेला भरवसा. गर्दीच्या वेळी तेच आधी अडकतं. पुढच्या ऑक्टोबरसाठी ही तिन्ही पिशवीतून काढली आहेत. त्यांच्या जागी दुसरी जेलची थैली, कागदपत्रांची लॅमिनेट न केलेली दुसरी प्रत (शिक्के मारायला लॅमिनेट चालत नाही) आणि चिक्कीची आणखी दोन पाकिटं गेली आहेत.