५५ इंची फोर-के टीव्ही: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिने, रोज साधारण चार तास. पडदा ५५ इंची, रिझोल्यूशन ३८४० बाय २१६०, पॅनेल व्हीए जातीचं (काळा रंग गडद, पण समोरूनच नीट दिसणारं), सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारं म्हणजे ६० हर्ट्‌झचं. मत आधीच मांडायचं तर टीव्ही उत्तम आहे, पण खोक्यातून काढल्यावर तो तसा दिसत नव्हता. खरा फरक पडला तो जागा, उंची आणि मेनूतल्या मोजक्या सेटिंगमुळे.

५५ इंच म्हणजे कर्ण. प्रत्यक्षात पडदा सुमारे १२२ सेंमी रुंद आणि ६८.५ सेंमी उंच भरतो. बसण्याचं अंतर कर्णाच्या १.२ ते १.६ पट धरावं, म्हणजे इथे १.७ ते २.२ मीटर. सोफा तीन मीटरवर असेल तर फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक डोळ्याला जवळपास कळत नाही; तिथे ६५ किंवा ७५ इंचीच घ्यावा. टेबलावर ठेवणार असाल तर विकत घेण्याआधी पायांमधलं अंतर मोजा. बऱ्याच टीव्हींचे पाय अगदी कडेला असतात आणि टेबल तोकडं पडतं.

भिंतीवर लावताना सर्वात जास्त चुकते ती उंची. बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंमीवर येतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. दाराच्या उंचीवर टांगलेला टीव्ही मान तर दुखवतोच, शिवाय व्हीए पॅनेल खालून पाहिलं की काळा रंग राखाडी दिसतो. ब्रॅकेट घेताना मागच्या चार भोकांमधलं आडवं-उभं अंतर मिलिमीटरमध्ये जुळवा आणि स्क्रूची लांबी तपासा. जास्त लांब स्क्रू आतल्या भागांवर दाबतो, आखूड स्क्रू आटे खातो. भिंतीतला प्लग विटेत गेला पाहिजे; प्लास्टरची जाडी पकडीत धरायची नाही. पोकळ विटा किंवा हलके ब्लॉक असतील तर साधा प्लग चालत नाही, त्यांच्यासाठीचेच अँकर लागतात. आणि पॅनेल आडवं झोपवू नका, जोडणीच्या वेळीही शक्यतो उभंच धरा. दोन माणसं लागतातच.

आता चित्र. टीव्ही पहिल्यांदा सुरू केल्यावर बहुतेक वेळा व्हिव्हिड किंवा स्टँडर्ड मोड असतो: निळसर, भडक, चेहरे मेणाचे. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड निवडा, कलर टेंपरेचर वॉर्म ठेवा. पहिले दोन-तीन दिवस चित्र पिवळट वाटेल. डोळा सरावला की जुना मोड बघवत नाही. बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) आणि ब्राइटनेस यांत गल्लत होते. खोली उजळ असेल तर वाढवायचा तो बॅकलाइट. ब्राइटनेस बहुतेक टीव्हींत काळ्याची पातळी ठरवतो. तो वाढवला की रात्रीचे प्रसंग धुरकट होतात, कमी केला तर काळ्या कोटाच्या घड्याच गायब. (काही कंपन्यांनी ही नावं उलटी वापरली आहेत, तेव्हा सरकवून बघा.) शार्पनेस शून्यावर किंवा अगदी खाली ठेवा, नाहीतर अक्षरांभोवती पांढरी किनार येते. वीजबचतीचा पर्याय आधी बंद करा. तो चालू असेल तर चित्र आपोआप मंद होत राहतं आणि दोष पॅनेलला दिला जातो.

मोशन स्मूदिंग, म्हणजे मधल्या चौकटी तयार करून हालचाल गुळगुळीत करणारी सोय; तिचा निर्णय विचार करून घ्यावा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ६० हर्ट्‌झ पडद्यावर ते समान बसत नाही, एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. म्हणून कॅमेरा हळू सरकताना हलका झटका जाणवतो. स्मूदिंग तो झाकतं, पण सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. खेळांसाठी अर्ध्यावर, सिनेमासाठी बंद, हे इथे सर्वात चांगलं जमलं. १२० हर्ट्‌झ पॅनेलमध्ये प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा बसते. सिनेमाच जास्त पाहणाऱ्यांनी तेच घ्यावं.

सेट-टॉप बॉक्सवरच्या बातम्यांची पट्टी कडेला कापली जात असेल तर पिक्चर साइझमध्ये स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन शोधा. बाहेरच्या उपकरणातून एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेलं चित्र) येत नसेल तर त्या एचडीएमआय पोर्टचं सिग्नल फॉरमॅट एन्हान्स्ड करावं लागतं. ते केल्यावर पडदा मधूनमधून दोन सेकंद काळा पडू लागला, तर संशय आधी केबलवर घ्या. पाच मीटरच्या पुढच्या साध्या केबल फोर-केचा भार पेलतीलच असं नाही.

आवाज पातळ आहे. स्पीकर छोटे आणि खाली तोंड केलेले, त्यामुळे संवाद दबतात. साउंडबार एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा एचडीएमआय) लिहिलेल्या पोर्टलाच जोडा. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर डिजिटल आउटपुट पीसीएम (न दाबलेला आवाज) करून पाहा, मग ऑडिओ डिले सरकवा.

न सुटलेल्या तक्रारी दोन. बाजूच्या खुर्चीवरून रंग फिके पडतात. बैठक पसरट असेल तर आयपीएस पॅनेल बरं, काळा रंग कमी गडद मिळेल हे धरून. दुसरं म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवरच्या सबटायटलभोवती उजेड सांडतो. लोकल डिमिंग (बॅकलाइट भागाभागाने मंद करणं) मध्यम केल्यावर कमी झालं, गेलं नाही.

नेटवर्क पोर्ट १०० मेगाबिटचा आहे. फोर-के स्ट्रीमिंगला २५ मेगाबिट पुरतात, म्हणून वायर लावलेली चांगली. वाय-फाय वापरायचं तर ५ गिगाहर्ट्‌झवर. पडदा सुक्या मायक्रोफायबरनेच पुसा, काचेचा स्प्रे कोटिंग खातो. आणि सॉफ्टवेअर अपडेटनंतर मेनू एकदा तपासा. इथे एका अपडेटने स्मूदिंग आणि वीजबचत दोन्ही परत चालू केली होती, म्हणून आता सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलमध्ये असतो.