पसरणी घाटातील हिवाळा: दोन जॅकेट आणि एका दुकानाचा अनुभव

२०२१ च्या दिवाळीपासून मी सातारा ते पाचगणी हा प्रवास आठवड्यातून तीन दिवस मोटारसायकलवरून करते. शाळेतील पहिला तास लवकर असल्यामुळे पहाटे साडेपाचला घर सोडावे लागते. आनेवाडीचा टोलनाका, पाचवड फाटा, वाई आणि मग पसरणी घाट असा हा रस्ता आहे. या रस्त्याने मला एक जॅकेट, हातमोज्यांचे तीन जोड आणि एक मोबाइल वापरातून बाद करायला लावले. त्यामुळे हिवाळ्यात गाडीवर नेमके काय घालावे, याविषयी आता काही गोष्टी खात्रीने लिहिता येतील असे वाटते.

आधी या भागातील थंडीविषयी सांगायला हवे, कारण ती समजल्याशिवाय कपड्यांची निवड चुकते. पाचगणी उंचावर आहे म्हणून तिथेच जास्त गारठा असणार, असे मीही धरून चालले होते. प्रत्यक्षात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सर्वांत बोचरी थंडी लागते ती वाईच्या अलीकडे, कृष्णेच्या खोऱ्यात. रात्री थंड झालेली जड हवा उतारावरून घरंगळत खोलगट भागात साठते आणि धुकेही तिथेच दाटते. पसरणी घाटाची पहिली काही वळणे चढली की अंगाला चक्क ऊब जाणवते आणि माथ्यावर पोहोचल्यावर पठारावरचा मोकळा वारा पुन्हा झोंबू लागतो. महाबळेश्वरात ऐन थंडीत दवबिंदू गोठल्याची बातमी येते ती वेण्णा तलावाच्या परिसरातून, आणि तिचेही कारण हेच आहे: तो भाग खोलगट असल्याने तिथे पारा गावठाणापेक्षा बराच खाली जातो. म्हणजे एकाच प्रवासात थंडी, ऊब, धुक्याचा ओलावा आणि वारा असे चारही प्रकार तासाभरात अंगावरून जातात. अशा रस्त्यावर एकच जाडजूड जॅकेट कधीच पुरत नाही.

दुसरी बाब वाऱ्याची. तापमान १० अंश असताना ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा उघड्या त्वचेला साधारण ५ अंशांइतका गार लागतो, असे हवामानशास्त्रातील प्रचलित सूत्र सांगते. घरातला उत्तम लोकरी स्वेटर गाडीवर कुचकामी का ठरतो, ते यावरून कळते. लोकर ऊब धरते ती आपल्या तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे, आणि वारा ती हवाच उडवून नेतो. पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन निघणारी मंडळी शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवतात, ती याचसाठी. कागद ऊब निर्माण करत नाही, तो केवळ वारा अडवतो, आणि तेवढ्याने स्वेटरला आपले काम करता येते.

माझे पहिले जॅकेट याच समजाच्या अभावी घेतले गेले. त्यावर मोठ्या अक्षरांत वॉटरप्रूफ असे छापलेले होते, हाताला ते भरीव लागत होते आणि आत काढता-घालता येणारी दोन अस्तरे होती, एक ऊब देणारे आणि एक पाणी अडवणारे. सारे काही एकाच जॅकेटात मिळते आहे, या समाधानात मी साडेसात हजार रुपये मोजले. २०२१ च्या डिसेंबरमधील पहिल्या दोन दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात जो अवकाळी पाऊस झाला आणि ज्याने तासगाव भागातील द्राक्षबागायतदारांचे मोठे नुकसान केले, त्या पावसात मी पाचगणीहून साताऱ्याला परतत होते. घाट उतरेपर्यंत अंग कोरडे होते, त्यामुळे जॅकेट आपले काम चोख करते आहे असे वाटले. पाचवड ओलांडून महामार्गाला लागल्यावर मात्र हुडहुडी भरली आणि ती घरी पोहोचेपर्यंत थांबली नाही. आतला सदरा कोरडाच होता, तरीही मी काकडत होते.

या कोड्याचे उत्तर मला नंतर मिळाले. पाणी अडवणारे अस्तर आत असले, की बाहेरचे जाड कापड, त्याखालचा फोम आणि खिसे ही सगळी मंडळी पाणी पिऊन घेतात. त्या ओल्या कापडातील पाणी वाऱ्याने उडू लागले, की ते उष्णता खेचून घेते. माठातले पाणी जसे गार होते तसेच इथे होते, फक्त माठाच्या जागी आपण असतो. शिवाय बाहेरच्या खिशातील वस्तूंना त्या अस्तराचे कसलेच संरक्षण नसते. माझा मोबाइल त्याच खिशात होता आणि तो पुन्हा सुरू झाला नाही. कोरडे असताना सव्वादोन किलो भरणारे ते जॅकेट दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेचार किलो भरले आणि पूर्ण वाळायला त्याला अडीच दिवस लागले. मधल्या दिवशी शाळेत जायचे होतेच, तेव्हा ते दमटच अंगावर चढवले.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याच जॅकेटाच्या आत डाव्या काखेजवळ ओल जाणवू लागली. पाणी नेमके कुठून येते हे पाहण्यासाठी मी ते अस्तर बाहेर काढून उलटे केले, बाहीचे तोंड पिळून बांधले आणि बाहीत दोन तांबे पाणी ओतून ती न्हाणीघरात टांगली. पाचेक मिनिटांत शिवणीवर सुईच्या प्रत्येक छिद्रातून एकेक टपोरा थेंब उभा राहिला, अगदी ओळीने, दोऱ्यात ओवल्यासारखा. शिवणीवर आतून चिकटवलेली पारदर्शक टेप तिथे सुटून वर आली होती. बाकीचे कापड ठणठणीत होते, पण शिवण पाणी सोडत असेल तर कापडाच्या दर्जाला काही अर्थ उरत नाही. मी तक्रार केली, तेव्हा हा वापरातील झिजेचा भाग असल्याचे सांगून कंपनीने हात वर केले. मला ते पटले नाही आणि आजही पटत नाही. महिन्याकाठी फार तर दोनदा हलक्या हाताने धुतलेल्या अस्तराची टेप दुसऱ्या वर्षी सुटत असेल, तर दोष चिकटवण्यात आहे.

दुसरी खरेदी मी साताऱ्यातील पोवई नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरील एका छोट्या दुकानात केली, आणि या दुकानाविषयी मला मनापासून चांगले लिहायचे आहे. मी आरशासमोर उभी राहून जॅकेट पाहत असताना दुकानदार म्हणाले, "ताई, आरशात नका बघू, बाहेर गाडीवर बसून बघा." त्यांनी स्वतः गाडी स्टँडवर धरली. हँडल धरून पुढे झुकताच मी घालून पाहत असलेल्या जॅकेटाची बाही मनगटापासून चार बोटे मागे सरकली आणि पाठीवर कमरेशी हात जाईल एवढी फट पडली. उभे असताना यातले काहीच कळले नव्हते. बहुतेक जॅकेट पुरुषांच्या मापाने बेतलेली असतात. खांद्यात बसेल असे घेतले तर कमरेत दाटते आणि कमरेत सैल घेतले तर कोपराचे संरक्षक पॅड दंडावर फिरत राहते. पॅड जागेवर नसेल तर पडल्यावर त्याचा उपयोग शून्य. त्यांनी एकामागून एक सहा जॅकेट काढून दिली, कपाळाला आठी न घालता, आणि स्त्रियांच्या बेताचे जे एकमेव होते ते वरच्या फळीवरून शोधून काढले. कापडाला तोंड लावून जोराने फुंकर मारायची आणि पलीकडे तळहातावर हवा लागते का ते पाहायचे, ही वारा अडवण्याची परीक्षाही मला त्यांनीच शिकवली.

हे जॅकेट मी आता तीन हिवाळे वापरते आहे आणि त्याच्यावर समाधानी आहे. त्यात पावसाचे अस्तर नाही, आणि तेच मला हवे होते. ते वारा अडवते, त्याच्या खांद्यांत व कोपरांत ईएन १६२१-१ या युरोपीय मानकाच्या दुसऱ्या पातळीचे पॅड आहेत, आणि संपूर्ण जॅकेटाला ईएन १७०९२ मानकाचा एए वर्ग आहे. ही अक्षरे लेबलवर जरूर पाहावीत. घसरल्यावर कापड किती टिकेल आणि शिवणी किती धरतील, याची कसोटी या मानकात असते. त्यात वरपासून खाली एएए, एए आणि ए असे वर्ग असून बी वर्गातील कपड्याला आघात शोषणारे पॅड असण्याची अट नसते. निव्वळ ‘सीई प्रमाणित’ (सीई ही युरोपीय नियमांशी जुळत असल्याची खूण) एवढेच लिहिले असेल तर ते प्रमाणपत्र जॅकेटाचे आहे की फक्त आतल्या पॅडचे, हे विचारून घ्यावे. माझ्या पहिल्या जॅकेटात ते फक्त पॅडचे होते.

ऊब मी आतून घेते. अंगालगत पॉलिस्टरचा घट्ट थर्मल, त्यावर पातळ फ्लीस, त्यावर जॅकेट. सुती बनियन अंगालगत नको, कारण सूत घाम धरून ठेवते आणि घाट चढताना आलेला घाम माथ्यावरच्या वाऱ्यात बर्फासारखा लागतो. लोकरीची गोष्ट निराळी आहे. माण-खटावचे धनगर ज्या घोंगडीची खोळ करून पावसात मेंढरांमागे उभे राहतात, ती ओली झाली तरी अंगात ऊब राखते. बारीक लोकरीचे थर्मल याच गुणावर विकले जातात, फक्त त्यांची किंमत माझ्या आवाक्याबाहेर आहे.

पावसासाठी जॅकेटाच्या वरून घालायचा वेगळा रेनकोट मी घेतला, तीन हजारांचा. त्याची घडी टाकीवरच्या पिशवीत मावते. आता पाणी बाहेरच्या बाहेर निथळते, जॅकेट कोरडे राहते, त्यामुळे ते जडही होत नाही आणि गारही पडत नाही. रेनकोट झटकून टांगला की मधल्या सुट्टीपर्यंत वाळतो. पावसाने गाठल्यावर रस्त्याकडेला थांबून तो चढवावा लागतो, हा त्याचा खरा तोटा आहे, आणि आळस केला तर फायदा सगळा वाया जातो. मी धुक्यातही तो घालते, कारण कृष्णाकाठच्या दाट धुक्यात वीस मिनिटांत बाह्यांवरून पाणी ओघळू लागते. त्याचा भडक पिवळा रंग आणि पाठीवरची चमकपट्टी हे आणखी एक कारण आहे. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढताना मागच्या वाहनाला आपण दिसणे हे कोरडे राहण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

रेनकोट घेताना लेबलवर दोन आकडे असतात. मिलिमीटरमधील आकडा कापड पाण्याचा किती उंच स्तंभ पेलते ते सांगतो. गाडीवर पाणी वेगाने आदळते आणि बसण्याच्या जागी दाबले जाते, म्हणून मी १०,००० मिलिमीटरच्या खाली गेले नाही. दुसरा आकडा एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते त्याचा असतो. पाणी अडवून वाफ सोडणाऱ्या पडद्यांचे मूळ अमेरिकी संशोधक बॉब गोर यांनी १९६९ मध्ये लावलेल्या शोधात आहे: न चिकटणाऱ्या तव्यावर ज्या पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचा लेप असतो, तेच त्यांनी झटक्याने ताणून सच्छिद्र केले. त्यातून पुढे आलेले गोर-टेक्स कापड महाग असते. साताऱ्याच्या हिवाळ्यात रेनकोट एका वेळी तासभरच अंगावर राहतो, त्यामुळे वाफेच्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याची गरज मला वाटली नाही. त्याऐवजी शिवणीची टेप सर्व शिवणींवर आहे ना, हे मी कोट उलटा करून काखेपासून टोपीपर्यंत बोट फिरवून पाहिले. धुताना कापड मऊ करणारे द्रव वापरू नये. त्याने वरचा पाणी झटकणारा थर निकामी होतो आणि थेंब घरंगळण्याऐवजी कापडात मुरू लागतात.

रेनपँटविषयी एवढेच की दोन पायांच्या जोडावरची शिवण पाहून घ्यावी. सीटवर तिथेच डबके साचते आणि पाणी प्रथम तिथूनच शिरते.

हात मात्र अजून पुरते सुटलेले कोडे नाही. गारठ्यात बोटे बधिर झाली की ब्रेक नेमका किती दाबला गेला हेच कळत नाही, आणि घाट उतरताना ही गंभीर बाब आहे. फार जाड हातमोजे घेतले तर क्लच आणि इंडिकेटरचे बटण जाणवत नाही; माझा पहिला जोड याच कारणाने बाद झाला. दुसरा घट्ट होता. घट्ट मोज्यात बोटांकडचा रक्तपुरवठाच आवळला जातो, त्यामुळे तो जाड असूनही गारच वाटतो. तिसऱ्याचे अस्तर घामाने बोटांना चिकटून हात काढताना उलटे बाहेर यायचे आणि पुन्हा आत बसायचे नाही. सध्याचा चौथा, बावीसशे रुपयांचा जोड बरा आहे. त्याचे लांब तोंड मी जॅकेटाच्या बाहीखाली सारते आणि वरून रेनकोटाचे वेल्क्रो आवळते, म्हणजे बाहीवरून ओघळणारे पाणी मोज्यात उतरत नाही. मुठीपुढे प्लास्टिकचे हँडगार्ड बसवल्यावर जो फरक पडला तो कोणत्याही हातमोज्याने पडला नव्हता, आणि तो सहाशे रुपयांत पडला. तरीही करंगळीच्या टोकाशी अर्धा इंच जागा रिकामी राहते, तिथे वारा नाही पण ऊबही नाही. स्त्रियांच्या मापाचा लहान जोड साताऱ्यात मला कुठेच मिळाला नाही. त्याच दुकानदारांनी तो मागवून ठेवण्याचे कबूल केले आहे, आणि आगाऊ पैसे देऊ केले तर "आधी हातात घालून बघा, मग द्या" असे म्हणून त्यांनी ते घेतले नाहीत.