मैदानात उभं राहायचं की स्टँडमध्ये बसायचं? कोल्डप्लेच्या दोन रात्रींवरून

आवडता बँड आपल्याकडे येणार असं कळलं की तिकीट मिळेल का याचीच धाकधूक लागते. कुठलं तिकीट घ्यायचं, हा विचार मागे पडतो. मग ऑनलाइन रांगेत एकदाचा नंबर लागतो, स्टेडियमचा नकाशा उघडतो, वेळ संपत आलेली असते आणि जिथे जागा दिसेल तिथे पैसे भरून आपण मोकळे होतो. म्हणून हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडच्या तीन रात्री झाल्या, १८, १९ आणि २१ तारखेला. त्यातल्या दोन माझ्या वाट्याला आल्या. शनिवारी १८ ला धाकट्या बहिणीबरोबर मैदानात उभी होते, मंगळवारी २१ ला आईबरोबर स्टँडमध्ये बसले होते. बँड तोच, स्टेडियम तेच, गाणीही बरीचशी तीच. तरी घरी येऊन सांगायला लागले तेव्हा मी दोन वेगळ्याच कार्यक्रमांबद्दल बोलत होते.

पैशांचं आधी सांगते, कारण तिथे अनेकांचा गैरसमज असतो. मुंबईत मैदानातलं तिकीट ६,४५० रुपयांना होतं. स्टँडमधली तिकिटं २,५०० पासून १२,५०० पर्यंत होती, आणि लाउंज ३५,००० ला. म्हणजे खुर्ची मैदानापेक्षा निम्म्याहून कमी पैशांतही मिळत होती आणि जवळपास दुप्पट पैशांतही. नुसत्या किमतीवरून हा निर्णय होत नाही.

माझी उंची पाच फूट एक इंच. मैदानात उभं राहिल्यावर मला स्टेज कमी आणि पुढच्याची पाठ जास्त दिसली. त्यात प्रत्येक ओळखीच्या गाण्याला समोर फोनांचं रान उगवायचं, आणि मी दुसऱ्याच्या फोनच्या स्क्रीनवर बँडचा गायक ख्रिस मार्टिनला बघायचे. पण ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ सुरू झालं आणि बँडने ते मध्येच थांबवलं. या दौऱ्यात ते हे नेहमीच करायचे: एका गाण्यापुरते फोन खिशात ठेवा, अशी विनंती. हात खाली गेले आणि खांद्यांच्या फटीतून मला अख्खं स्टेज दिसलं. गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा आजूबाजूचे सगळे एकदम उड्या मारत होते, मैदानावर अंथरलेल्या आच्छादनाची माझ्या पायाखालची फळी हलत होती, ड्रमचा प्रत्येक ठोका बरगड्यांत लागत होता. बहिणीने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखांचे वण दुसऱ्या दिवशीही दिसत होते. ती पाच मिनिटं मला स्टँडमध्ये मिळाली नसती, कितीही महागाची खुर्ची घेतली असती तरी.

मैदानाचं खरं देणं हेच आहे. तिथे तुम्ही गाणं ऐकत नाही, गाण्यात असता. शेजारचा अनोळखी मुलगा तुमच्याबरोबर त्याच ओळीला बेसूर होतो आणि गाणं संपल्यावर तुमच्याकडे बघून हसतो. मात्र त्यासाठी दुपारपासून रांगेत उभं राहायची, पाणी प्यायला किंवा बाथरूमला गेलात तर जागा गेलीच असं समजायची आणि चार-पाच तास खाली न बसता काढायची तयारी हवी.

मंगळवारी आईबरोबर बसले तेव्हा मला कळलं की शनिवारी मी निम्मा कार्यक्रम पाहिलाच नव्हता. कोल्डप्लेच्या कॉन्सर्टमध्ये प्रत्येकाला मनगटावर बांधायला एक दिव्यांचा पट्टा देतात. रंग केव्हा आणि कुठला लागायचा, ते बँडची माणसं ठरवतात. मैदानात असताना तो माझ्या हातावर लुकलुकणारा एक दिवा होता, आणि आजूबाजूचे शे-दीडशे. स्टँडमधून बघितलं तर ‘यलो’ गाण्याच्या पहिल्या सुरावटीला समोरचा स्टेडियमचा अख्खा कटोरा पिवळा झाला. वरच्या रांगेपासून मैदानापर्यंत, झेंडूचं शेत एका क्षणात फुलावं तसा. आई इंग्रजी गाणी फारशी ऐकत नाही. तिने आधी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, मग समोर, मग पुन्हा मनगटाकडे. “अगं, यात मी पण आहे,” ती म्हणाली, आणि पुढचं सगळं गाणं तिने हात वर धरून ठेवला.

या बँडने प्रेक्षकांचाच पडदा केला आहे, आणि पडद्यात उभं राहून चित्र दिसत नाही. म्हणून कोल्डप्लेपुरतं माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदाच जात असाल तर स्टँड घ्या.

पण हे मत दुसऱ्या बँडला तसंच लावू नका. डिसेंबर २०१९ मध्ये याच स्टेडियमवर यू-टू आले होते. त्यांच्या ‘जोशुआ ट्री’ दौऱ्याची ती शेवटची रात्र, आणि ए. आर. रहमानही त्यांच्याबरोबर स्टेजवर आले होते. माझी एक मैत्रीण तेव्हा स्टँडमध्ये होती, तिचा भाऊ मैदानात, आणि दोघांचं अजून एकमत नाही. त्या दौऱ्यात सुरुवातीची गाणी बँड मोठा पडदा बंद ठेवून, गर्दीत घुसलेल्या झाडाच्या आकाराच्या छोट्या स्टेजवर वाजवायचा. भावाला ड्रमवर पडणारी काठी दिसत होती, हिला चार ठिपके. नंतर सुमारे साठ मीटर रुंदीचा पडदा उजळला तेव्हा पारडं फिरलं. तो मान वळवून वळवून बघत होता आणि हिला वाळवंटातला रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत एका नजरेत दिसत होता. असल्या भांडणात मी मध्ये पडत नाही. पण यातून एक कळतं: तिकीट काढण्याआधी त्या दौऱ्यातल्या आधीच्या शहरांमधले व्हिडिओ बघा, आणि बँड गर्दीत किती वेळ असतो ते मोजा. कोल्डप्लेसुद्धा थोडा वेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या छोट्या स्टेजवर जातात. तेव्हा सगळ्यात मागे उभे असलेले अचानक पहिल्या रांगेत येतात.

आवाजाचं बोलायलाच हवं, कारण रॉकच्या चाहत्याला शेवटी तेच हवं असतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून सव्वाशे मीटरवर बसलात तर तिथला सूर तुमच्यापर्यंत यायला सेकंदाच्या तिसऱ्या भागाहून जास्त वेळ लागतो, आणि पडद्यावरचे ओठ मात्र लगेच दिसतात. लांबच्या स्टँडमध्ये गायक आधी तोंड उघडतो आणि शब्द मागून येतो, तो यामुळे. छताखालच्या अगदी वरच्या रांगांमध्ये आवाज आदळून परत येतो आणि बास गिटार गढूळ होते. उलट मैदानात अगदी पुढे, स्पीकरच्या तोंडाशी उभं राहिलं तर बास, म्हणजे खालचा जड आवाज, सगळं गिळून टाकतो. सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं ते साउंड मिक्सिंगच्या टेबलाजवळ, कारण तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानाला पटेल तसाच आवाज जुळवत असतो. मैदानात माझ्यासारखी कमी उंची असेल तर पुढे घुसण्याचा हट्ट सोडून तिथे उभे राहा. आजूबाजूला मोकळी जागाही मिळते. कानात घालायचे बोळे मात्र कुठेही न्या.

अहमदाबादला कोल्डप्लेच्या २५ आणि २६ जानेवारीच्या कार्यक्रमांना दर रात्री एक लाखाहून जास्त लोक होते, आणि रेल्वेने मुंबईहून खास गाड्या सोडल्या होत्या. डोंबिवलीचा एक मित्र गेला होता. त्याच्या मते इतक्या मोठ्या स्टेडियममध्ये वरची खुर्ची म्हणजे दिव्यांचा सोहळा, बँड नव्हे. २६ तारखेचा कार्यक्रम घरबसल्या ऑनलाइन दाखवला, तो मीही पाहिला. चेहरे सगळ्यात जवळून तिथेच दिसले, पण छातीत काही वाजलं नाही.

आईवडील बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, लहान मूल असेल, तर मैदानाचा विचारही करू नका. खुर्ची घेताना स्टेजच्या अगदी समोरची लांबची घेण्यापेक्षा बाजूच्या स्टँडमधली, खालच्या-मधल्या रांगांची घ्या. बँड जवळ राहतो, दिवे दिसतात, आवाज फार उशिरा येत नाही. मेटॅलिका किंवा आयर्न मेडनसारखा हेवी मेटल बँड असेल आणि तुम्ही विशीत-तिशीत असाल, तर मैदानातच जा. तिथे अंगावर येणारी गिटार हाच कार्यक्रम असतो.

बहीण अजूनही म्हणते की शनिवारच जास्त भारी होता, आणि तिच्यासाठी तो होताच. कोल्डप्ले परत आले तर ती मैदानात जाईल. मी आईच्या शेजारी बसणार आहे.