सीपॅप आणि मोडाफिनिल, आठ महिन्यांचा अनुभव

घोरणं घरात सगळ्यांच्या सवयीचं झालेलं, पण मधेच माझा श्वासच थांबतो आणि मग दचकून सुरू होतो हे बायकोच्या लक्षात आलं म्हणून स्लीप स्टडी केली, तर एएचआय ४१. म्हणजे तासाला ४१ वेळा श्वास अडायचा किंवा कमी पडायचा, ३० च्या वर गेलं की सिव्हिअर धरतात. सीपॅप मशीन घेतलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. पहिले तीन आठवडे जड गेले, नाक कोरडं पडायचं, तोंड उघडलं की हवा गळायची, मग ह्युमिडिफायर आणि फुल फेस मास्कवर जमलं. दुसऱ्या महिन्यात एएचआय ३.

तरी दुपारची झोप जाईना. रोज साडेसहा तास मास्क लावूनही जेवण झालं की एक्सेलसमोर मान पडायची. डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बीपी सगळं बघितलं आणि सकाळी मोडाफिनिल १०० मिग्रॅ सुरू केलं. मेंदूत सुटलेलं डोपामिन हे रसायन परत आत ओढून घेणारा ट्रान्सपोर्टर असतो, त्याला ही गोळी अडवते, म्हणून डोपामिन वाढतं आणि जाग टिकते असं त्यांनी समजावलं. पहिला आठवडा डोकं दुखलं, पण डुलक्या खरंच थांबल्या. एकदा साडेअकराला घेतली तर रात्री दोनपर्यंत टक्क जागा, तेव्हापासून आठच्या आत घेतो.

आता माझी चूक सांगतो. गावाकडे लग्न होतं, मशीन कुठे न्यायचं म्हणून घरीच ठेवलं, चार रात्री मास्क नाही आणि दिवसा गोळीमुळे एकदम फ्रेश! मला वाटलं डोपामिन वाढलं म्हणजे श्वासही सुधारला असणार. बायको मात्र चारही रात्री "अहो, कुशीवर वळा" करत जागी. परत आलो तर सकाळी डोकं जड, बीपी १५०/९६. डॉक्टर म्हणाले, गोळी झोप उडवते, घसा उघडा ठेवत नाही. उलट मानेत रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की मेंदूला कळवणारी कॅरोटिड बॉडी असते, तिथे डोपामिन तो इशारा दाबतं. एकच रसायन, एका जागी जागं ठेवतं आणि दुसऱ्या जागी श्वासाची हाक मंद करतं, हे ऐकून मी हादरलोच.

त्यानंतर मशीन प्रवासातही सोबत असतं. ही गोळी मनाने मेडिकलमधून आणून खाऊ नका, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, मोडाफिनिलने त्यांचा परिणाम कमी होतो. माझं बीपी आता १३० च्या आसपास आहे, डोस १०० वरच ठेवलाय, तीन महिन्यांनी परत दाखवायचंय.