प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेल्यांसाठी मॉनिटर आर्म : चार महिने वापरून

मी घरून पुस्तकांची मुद्रितं तपासते. रोजचे सात-आठ तास २४ इंची मॉनिटरसमोर जातात. गेल्या वर्षी प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला आणि दोन महिन्यांत मान इतकी धरली, की रिक्षात बसल्यावर मागे वळून बघता येईना.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा, हा सल्ला मी वर्षानुवर्षं पाळत आले. त्यासाठी मॉनिटर दोन जुन्या शब्दकोशांवर चढवला होता. पण प्रोग्रेसिव्ह भिंगात लांबचं वरून दिसतं, जवळचं खालून आणि हातभर अंतरावरचं मधल्या अरुंद पट्टीतून. ती पट्टी अक्षरांवर यावी म्हणून मी दिवसभर हनुवटी वर करून बसत होते. रफारावर अनुस्वार आहे की नाही हे बघायला तर मान आणखी मागे जायची. चष्मेवाल्यांनी विचारलं, "मॅडम, स्क्रीन किती उंचावर आहे?" तेव्हा कुठे उलगडा झाला. शब्दकोश काढले, पण मॉनिटरचा मूळचा स्टँड त्याहून खाली जाईना.

म्हणून हा गॅस स्प्रिंगचा आर्म घेतला, २,६०० रुपयांना. आर्म म्हणजे टेबलाला बसवायचा सांध्यांचा दांडा, त्यावर मॉनिटर हवा तसा वर-खाली, पुढे-मागे करता येतो आणि स्प्रिंग त्याचं वजन तोलून धरते. तो २ ते ९ किलो वजन पेलतो. माझा मॉनिटर स्टँड काढल्यावर साडेतीन किलो भरतो. मागवण्याआधी मॉनिटरच्या पाठीवरची चार भोकं नक्की मोजा. दोन भोकांमधलं अंतर १०० किंवा ७५ मिलिमीटर असेल तर आर्मची पाटी बसते. काही मॉनिटरना ही भोकंच नसतात.

खरी अडचण टेबलाची निघाली. आमचं टेबल सासऱ्यांचं, सागवानी, फळीखाली चारी बाजूंनी पट्टी. आर्म टेबलाच्या कडेला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पला कडेखाली सपाट जागा लागते, ती मिळेना. भोकातून बसवायचा बोल्ट पेटीत होता, म्हणून सुतारकाकांना बोलावून पट्टीच्या आतल्या बाजूला फळीलाच भोक पाडून घेतलं. त्या टेबलाला ड्रिल लागताना मला बघवलं नाही, स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर तेही पुढे ओढावं लागेल, कारण स्क्रीन मागे ढकलली की आर्मचं कोपर मागे येतं.

मॉनिटर लावला तर तो आपोआप वर जायला लागला. स्प्रिंग जास्त वजनासाठी ताणलेली होती. आर्मवरचा स्क्रू अॅलन कीनं (षटकोनी किल्लीनं) वजा खुणेच्या दिशेनं फिरवत गेले, तेव्हा जिथे सोडावा तिथे थांबू लागला. मॉनिटर काढताना मात्र आर्म हातानं दाबून धरा, नाहीतर उसळून तोंडावर येईल. पत्रकात हे इतक्या बारीक अक्षरांत छापलंय की मला भिंग घ्यावं लागलं. ही गोष्ट ठळक छापायलाच हवी होती.

आता स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या चार बोटं खाली आहे, स्क्रीन जराशी मागे कललेली, आणि हात लांब केला की बोटं तिला टेकतात. तीन आठवड्यांत मानेचा ताण उतरला. दुपारी डावीकडच्या खिडकीतून ऊन आलं की स्क्रीन नुसती वळवते, पडदा ओढून अंधारात बसावं लागत नाही. जोरात टाइप केलं की स्क्रीन किंचित हलते, तेवढं चालवून घेते.

मला सगळ्यात आवडलं ते मॉनिटर उभा करता येणं. पुस्तकाचं अख्खं पान एका नजरेत दिसतं, ओळ तुटली की लगेच कळतं. फक्त उभा केल्यावर स्क्रीन ५३ सेंटिमीटर उंच होते आणि वरच्या ओळींसाठी हनुवटी पुन्हा उचलली जाते. मग मी खालची कड टेबलाला जवळजवळ टेकवते आणि कीबोर्ड पुढे ओढून घेते.