गिरणगावची पायी सहल : पैसे वसूल, पण पाऊण वाटेपर्यंतच

लालबाग-परळ पायी फिरवून दाखवणाऱ्या सहली हल्ली बऱ्याच निघाल्यात. त्यातल्या एका सहलीला मागच्या महिन्यात रविवारी जाऊन आले. काढणाऱ्यांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मंडळी नवखी आहेत, पोरं मेहनती आहेत आणि माझ्या तक्रारी सुधारता येण्यासारख्या आहेत. माणशी नऊशे रुपये. अडीच तास सांगतात, तीन लागतात. भारतमाता सिनेमापाशी जमायचं, करी रोडचा पूल ओलांडून ना. म. जोशी मार्गावर यायचं आणि शेवट लोअर परळला, फिनिक्सच्या, म्हणजे जुन्या गिरणीच्या जागेवरच्या मॉलच्या, आवारात.

सोबत मामाला नेलं होतं. मामा अठ्ठ्याहत्तरचा, मूळ संगमेश्वरकडचा, लोअर परळच्याच एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर (त्यांनाच साचे म्हणत) होता, ब्याऐंशीच्या संपापर्यंत. मी डिलाईल रोडच्या, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावरच्या, बीडीडी चाळीत वाढले. म्हणजे आम्ही दोघंही अवघड गिऱ्हाइकं, हे आधीच सांगून ठेवते.

आधी चांगलं. फिरवणारा मुलगा आर्किटेक्चर शिकलेला आणि इमारत वाचायला त्याला खरोखर येतं. भारतमातापाशी उभं राहून त्याने १८५४ पासून सुरुवात केली. कावसजी नानाभाई दावरांनी तेव्हा कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली सूतगिरणी सुरू झाली. हे सगळं पाच मिनिटांत उरकून तो सरळ भिंतींकडे वळला, ते मला आवडलं. इतिहास घरी वाचता येतो, भिंत घरी आणता येत नाही.

एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या शेडमध्ये आता कपड्यांच्या कंपनीचं ऑफिस आहे. तिथे त्याने परवानगी काढून आम्हाला दहा मिनिटं आत नेलं. सगळ्या सहलीत ही दहा मिनिटं सोन्याची. वर करवतीच्या दातांसारखं छप्पर, आणि प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची, उत्तरेकडे तोंड केलेली. उत्तरेचा उजेड सपाट येतो, थेट ऊन आत शिरत नाही, सावल्या पडत नाहीत, त्यामुळे तुटलेला धागा लगेच दिसतो. छपराच्या पन्हळीतलं पावसाचं पाणी बिडाच्या पोकळ खांबांतून खाली उतरायचं. त्याच खांबांना वरच्या बाजूला कान फुटल्यासारखे सपाट तुकडे आहेत. एके काळी त्यांच्यावर लांबलचक दांडा फिरायचा आणि त्याच्यावरून पट्टे खाली साच्यांवर यायचे. आता त्यावर एसीची नळी टेकवली आहे. मग त्याने खालचा गालिचा एका कोपऱ्यात उचलून दाखवला. फरशीत भोकं, चार-चारच्या गटांत, ओळीने. साच्याचे पाय तिथे बोल्टने आवळलेले होते. तेल इतकं मुरलंय की फरशी तिथे काळी आणि बाकी ठिकाणी राखाडी. ओळींमधली चिंचोळी मोकळी जागा म्हणजे साचेवाल्याची वाट. मामा त्या वाटेत जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "दोन साचे हितं, दोन मागं. वळायचं ते कमरेतूनच."

साचे तळमजल्यावर का आणि कताई वरच्या मजल्यांवर का, हेही त्या मुलाने नीट समजावलं. साच्यांचे हादरे इमारतीला झेपत नाहीत म्हणून. आवाजाबद्दल मात्र तो एक वाक्य बोलून पुढे सरकला, तर मामाने त्याला थांबवलं. साचेखात्यात तोंडाने बोललेलं ऐकूच येत नसे, ओठ बघून आणि हाताच्या खुणांनी बोलायचं. जॉबर (मुकादम) येतोय, धागा संपला, चहाला चल, सगळ्याला खुणा. मामा घरीही टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघतो. मामीची चिडचिड होते.

मुलाच्या पिशवीत एक धोटा होता, मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. तो हातोहात फिरवला, लोकांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. मामाकडे आल्यावर त्याने तो उलटा केला, बाजूचं बारीक भोक शोधलं आणि ओठांना लावलं. आतली सुताची कांडी संपली की नवी भरायची आणि सुताचं टोक त्या भोकातून बाहेर काढायला तोंडाने ओढून घ्यायचं. दिवसातून शेकडो वेळा, आणि तोच धोटा पाळी बदलली की दुसऱ्याच्या तोंडाला. सुताबरोबर रुईची तुसं आत जायची, ती वेगळीच. भोकाच्या कडेचं लाकूड झिजून गुळगुळीत झालंय, ते मामाने नखाने दाखवलं. सहलीच्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. त्याने लगेच वहीत लिहून घेतलं, याचे त्याला पूर्ण मार्क.

चिमणीचा भागही चांगला होता. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि गिरण्या हळूहळू वाफेच्या इंजिनावरून विजेवर गेल्या, म्हणून उंच चिमण्या हा त्याआधीच्या काळाचा ठसा, असं त्याचं म्हणणं. पटण्यासारखं आहे. फक्त "त्यानंतर चिमण्या शोभेच्या झाल्या" हे त्याचं वाक्य मामाला पटलं नाही. सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावायला, वाफ, रंगाईला वाफ, बॉयलर कुठे बंद पडले होते? चिमणी धूर काढायचीच, सकाळी गॅलरीत वाळत घातलेल्या धोतराला विचारा.

इथपर्यंत नऊशे रुपये वसूल. आता तक्रारी.

सहल रविवारी असते. रविवारी सगळ्यांना सुट्टी म्हणून. आणि तीन तासांत नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव एकदाही आलं नाही! फुल्यांचा हा सत्यशोधक सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी भायखळ्यात, परळात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, अशा मागण्या साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी मांडल्या, आणि १८९० मध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या माणसामुळे तुमची तिकिटं खपतात त्याचा निदान उल्लेख तरी करा की. इथले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईही नाहीत, बाबू गेनूही नाही. बाबू गेनू गिरणी कामगार होता, १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकखाली गेला, हे विसरण्यासारखं नाही. मालकांची नावं मात्र साल-सनावळीसकट.

दुसरं, बाया. सहलीत बाई दिसली ती फक्त मसाला कुटताना, लालबागच्या मिरची गल्लीत. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. माझी आजी वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. बाया बहुतेक त्याच कामांवर असायच्या, आणि तिथली यंत्रं सुधारली की आधी त्यांनाच घरी बसवलं. मग त्यांनी काय केलं? खानावळी चालवल्या. एका खोलीत वीस-पंचवीस जणांचं जेवण, महिन्याचा हिशेब, कामगाराचा पगार लांबला की हिचं उधार वाण्याकडे वाढणार. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. गिरणीचा भोंगा वाजला की माणसं चालत आत जात, पण पोटात भाकरी घालून. ती भाकरी कुणी थापली, हे इमारतीच्या भिंतीवर दिसत नाही म्हणून सहलीतून गाळायचं, हे काही बरोबर नाही. विचारलं तर म्हणाला, "काकू, त्याच्या वास्तू उरल्या नाहीत ना."

उरल्यात. ना. म. जोशी मार्गावर आम्ही बीडीडी चाळींच्या समोरून चालत गेलो आणि तो थांबलाही नाही! बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या या काँक्रीटच्या इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मध्ये बोळ, दोन्ही बाजूंना दारं, खोली १६० चौरस फूट. आमच्या बोळात दिवसाही दिवा लागायचा. पुनर्विकासात पाचशे फुटांचं घर मिळतंय, लोक आनंदात आहेत आणि असावेतच. चाळ जपून ठेवा असं मी मुळीच म्हणत नाही, त्या सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेलं माणूस असं म्हणणारच नाही. पण इमारती पाडल्या जात असताना कुणीतरी एखादी खोली मापून, नोंदवून ठेवावी की नको? एकट्या पुरुषांच्या खोलीत भिंतीला खुंट्या असत, प्रत्येकाची एक, खाली त्याची ट्रंक. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा. किती माणसं राहायची हे खुंट्या मोजून कळतं. गिरणीच्या फरशीतली भोकं मोजणाऱ्या मुलाला हे सांगायला लागू नये.

कोकणातल्या गावांच्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या अजून या भागात आहेत. गावची मुंबईतली खोली. त्यातल्या एखाद्या मंडळाला विचारलं तर आनंदाने दार उघडतील, चहाही पाजतील.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. संप. "१९८२ चा संप झाला आणि गिरण्या संपल्या," एवढंच. मामा तिथे पहिल्यांदा चिडला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार, बोनस, बदली कामगारांना कायम करणं या मागण्या, आणि ज्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघाला वाटाघाटींचा मक्ता दिला होता तो १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा बदलावा ही मागणी. बदली म्हणजे काय, हे सहलीत कुणालाच माहीत नव्हतं. रोज सकाळी पास घेऊन गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. मामाची पहिली काही वर्षं अशीच गेली. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पण गिरण्यांची यंत्रं त्याआधीच जुनाट झाली होती, मालकांनी पैसा घालणं सोडलं होतं, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जात होतं. आणि जमीन विकायची मुभा १९९१ च्या विकास नियमावलीने दिली. तेव्हा ठरलं होतं की मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे तीन भाग करायचे, एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियमच बदलला, इमारती पाडून मोकळी झालेली जागा त्या हिशेबातून वगळली, आणि पालिका-म्हाडाच्या वाट्याला फारच थोडं आलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. ज्या टॉवरकडे बोट दाखवून "बघा, किती बदललं" असं सांगता, तो टॉवर उभा कसा राहिला याची गोष्ट ही आहे. संपाच्या डोक्यावर सगळं खापर फोडलं की ती सांगावी लागत नाही. गिरणी कामगारांना द्यायच्या घरांच्या सोडतीत मामाचं नाव अजून लागलेलं नाही. शेलू-वांगणीला घर देऊ म्हणतात. तिथून लालबागला यायचं म्हटलं तर अर्धा दिवस लोकलमध्ये.

आणि शेवट. फिनिक्सची चिमणी बघायची, तिच्याखाली ग्रुप फोटो काढायचा आणि हातात एका बिअरबारचं कूपन, वीस टक्के सवलत. मामाने ते घडी करून खिशात ठेवलं, भाच्याला देतो म्हणाला. माझ्या मते हा शेवटचा अर्धा तास पूर्ण कापावा आणि त्याऐवजी काळाचौकीच्या गेटपाशी न्यावं, जिथे इंडिया युनायटेड गिरणी क्रमांक दोन-तीनच्या जागेत महापालिका कापड गिरण्यांचं संग्रहालय करायचं म्हणतेय. बाहेरून दिसतं तेवढं दाखवा. काय जपायचं आणि काय कारंज्याखाली घालायचं, यावर उभ्या उभ्या चांगला वाद होईल.

पाचपैकी तीन. फिरवणाऱ्या मुलाला एकट्याला चार देईन.

जाणाऱ्यांसाठी थोडं. भाषा इंग्रजी, मधूनमधून हिंदी. पाच जण जमले तर मराठी तुकडी काढतात, आधी फोन करून मागा, मिळते. वाटेत स्वच्छतागृह फक्त शेवटी मॉलमध्ये, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर भारतमातापाशीच सोय बघून घ्या. करी रोडच्या पुलावर फूटपाथ अरुंद आहे आणि उन्हात तापतो, सकाळी आठची वेळ घ्या, साडेनवाची नको. चिवडा गल्लीत थांबत नाहीत, मागे राहून घ्या आणि पुलावर गाठा. घरात कुणी गिरणीतलं असेल तर त्यांचं तिकीट अर्ध्यात मिळायला हवं, असं मी त्यांना लिहून कळवलंय. उत्तर आलं की खाली टाकते.