नागपूरच्या महाल भागात शिवून घेतलेली १६४३ ची युद्धपत्रकं

युरोपातली सतराव्या शतकातली युद्धाची पत्रकं स्क्रीनवर वाचणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. ती एकदा मूळ आकारात छापून, घडी घालून, शिवून हातात घ्या. नागपुरात राहत असाल तर हे काम महाल भागातच करून घ्या. गांधीसागर तलावाकडून आत शिरलं की एक दुकान लागतं. पाटीवर कुणाचं नाव नाही, नुसतं ‘झेरॉक्स, बायंडिंग, लग्नपत्रिका’ लिहिलंय. मालकांना सगळा परिसर काका म्हणतो. ट्रेडल मशीनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यापासून सुरुवात केलेला हा माणूस आहे, आणि या कामात त्याचाच सगळा फरक पडतो.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. इंग्लंडमधली राजा विरुद्ध पार्लमेंट अशी यादवी (१६४२ ते १६५१) शिकवताना राजा, पार्लमेंट, त्याचा सेनापती क्रॉमवेल ही नावं मुलं पाठ करतात, पण तेव्हाच्या साध्या माणसांपर्यंत बातमी कशी पोचत होती ते त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही. १६४१ ला स्टार चेंबर हे न्यायालय बंद झालं, छापखान्यांवरचा धाक उडाला आणि लंडनमध्ये पत्रकांचा पूर आला. जॉर्ज थॉमसन नावाचा पुस्तकविक्रेता ती रोजच्या रोज गोळा करत होता. १६४० ते १६६१ या काळात त्याने सुमारे २२,००० नग जमवले. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यातल्या काहींचे स्कॅन, शिवाय म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट लायब्ररीने सगळ्यांसाठी मोफत ठेवलेली काही जर्मन पत्रकं, अशा फाईल घेऊन मी गेले होते.

आधी दुसऱ्या एका दुकानात काम दिलं होतं. त्यांनी ए-फोरवर सरळ प्रिंट काढून कोपऱ्यात पिन मारून दिली. जुन्या कागदाचा पिवळेपणा काळ्या-पांढऱ्यात उतरून सगळं पान राखाडी झालं होतं. ते वाचता येत होतं, पण त्याला पत्रक म्हणवत नव्हतं.

काकांनी स्कॅन बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, “हे एका फर्म्याचं काम आहे ना?” अगदी बरोबर. त्या वेळचं नेहमीचं पत्रक म्हणजे एक फर्मा, एक मोठा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, दोनदा घडी घातलेला. चार पानं, आठ पृष्ठं. पहिलं, चौथं, पाचवं, आठवं पृष्ठ एका बाजूला. दुसरं, तिसरं, सहावं, सातवं मागच्या बाजूला. आणि निम्मी पृष्ठं डोकं खाली करून बसवलेली. मी कागदावर आकृती काढायला घेतली तोवर त्यांनी जवळच्या रद्दी कागदाची घडी घालून त्यावर आकडे टाकलेही होते. बारा बाय अठराच्या शीटवर छापून, घडी घालून, साधारण १४ बाय १८.५ सेंटिमीटरला कटिंग केलं. या पुस्तिका जवळपास एवढ्याच असायच्या.

पिन मारायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. स्कॅनमध्ये घडीलगतच्या समासात तीन बारीक भोकं दिसत होती, ती त्यांनी मोठं करून मला दाखवली. “मॅडम, याले पिन नव्हती, साईड शिलाई होती. दाभणानं भोकं पाडून दोरा ओवलाय.” मग तशीच शिवली, मेण लावलेल्या दोऱ्याने. तेव्हाची पत्रकं अशीच, पुठ्ठ्याशिवाय, तीन टाक्यांवर विकली जायची. साप्ताहिक बातमीपत्राची किंमत बहुधा एक पेनी.

हातात आल्यावर जे दिसलं ते पीडीएफमध्ये मला इतकी वर्षं जाणवलं नव्हतं. आठव्या पृष्ठावर अक्षर एकदम बारीक होतं. बातमी जास्त, कागद संपत आलेला, दुसरा फर्मा चढवायचा तर खर्चही वाढणार आणि उशीरही होणार. म्हणून जुळारी लहान खिळे काढून उरलेली लढाई त्या एका पानात दाबून बसवतो. स्क्रीनवर आपण पान मोठं करून वाचतो, त्यामुळे हा बदल नजरेतून सुटतो. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी स्टॉलवर हातोहात जाणाऱ्या पातळ पुस्तिकांचं मोल ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. स्वस्त, खिशात मावणारं, एका बैठकीत वाचून दुसऱ्याच्या हाती देण्यासारखं, असंच हेही छापील काम.

छपाईच्या दर्जाबद्दल सांगते, कारण खरी कसोटी तिथेच होती. ‘द ब्लडी प्रिन्स’ या १६४३ च्या पत्रकावर लाकडी ठशाचं चित्र आहे. राजाचा भाचा प्रिन्स रुपर्ट घोड्यावर, हातात पिस्तूल, पायाशी त्याचा पांढरा कुत्रा बॉय, आणि मागे जळणारं गाव. त्या वर्षी एप्रिलमध्ये रुपर्टच्या फौजेने बर्मिंगहॅम जाळलं होतं, त्यावरचा पार्लमेंटच्या बाजूचा हा राग. स्कॅनचा काळपटपणा काढायला गेलं की घोड्याच्या अंगावरच्या बारीक रेषा उडतात. रेषा ठेवल्या तर मागच्या पृष्ठाची शाई पुढे डोकावते. काकांच्या मुलाने संगणकावर बसून चित्राचा भाग वेगळा आणि मजकुराचा वेगळा साफ केला. धुराचे लोट, घोड्याची आयाळ, कुत्र्याचे केस, सगळं उतरलंय. ९० जीएसएमचा नॅचरल शेड कागद त्यांनीच सुचवला. पांढऱ्याशुभ्र कागदावर हे चित्र उपरं दिसलं असतं.

हा कुत्रा गोळ्या तोंडात झेलतो, त्याला चेटूक येतं, असं पत्रकं खुशाल छापत होती. २ जुलै १६४४ ला मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला, तेव्हा त्याच्यावर एक शोकगीतही निघालं. मुखपृष्ठावर बंदूकधारी शिपाई, पडलेला कुत्रा आणि रडणारी चेटकीण. मुलांनी वर्गात सगळ्यात जास्त वेळ हेच पत्रक हाताळलं.

काही पत्रकांच्या मुखपृष्ठावर शाईने तारीख लिहिलेली आहे. काकांच्या मुलाने सहज विचारलं, “हे पेनानं लिहिलेलं पुसून टाकू का?” मी नको म्हटलं आणि कारण सांगितलं. ते थॉमसनचं अक्षर आहे. पत्रक हाती आलं की तो त्यावर तारीख घालायचा. इंग्लंडात तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, पण जानेवारी-फेब्रुवारीतल्या पत्रकांवर कधीकधी पुढचं साल छापलेलं असे. थॉमसन ते खोडून चालू साल लिहितो. आज अभ्यासक त्या तारखांवरून कुठली बातमी कुठल्या आठवड्यात लंडनला कळली ते लावतात. हे ऐकल्यावर त्या मुलाने फाईल पुन्हा उघडली आणि तारखेची शाई थोडी गडद केली. न सांगता केलेलं हे काम मला फार आवडलं.

राजाच्या बाजूचं साप्ताहिक बातमीपत्र ‘मर्क्युरियस ऑलिकस’ ऑक्सफर्डहून आणि त्याला उत्तर देणारं ‘मर्क्युरियस ब्रिटानिकस’ लंडनहून, दोन्ही १६४३ ला सुरू झाली. मार्स्टन मूरला राजाची बाजू हरली, तरी ऑक्सफर्डला आधी विजयाचीच बातमी पोचली होती. ही दोन पत्रं शेजारी ठेवून वाचली की मुलं आपणहून विचारतात, मग खरं कुणाचं? अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा त्यांना माहीत असतो. पोवाडा ऐकणाऱ्याला शाहीर कुणाच्या बाजूचा ते ठाऊक असे. इथे छापणारा कोण तेच पुष्कळदा ठाऊक नसतं.

जर्मन पत्रकांचं काम त्यामानाने साधं होतं. १५२५ च्या शेतकरी बंडातल्या, शेतकऱ्यांच्या मागण्या मांडणाऱ्या ‘बारा कलमां’च्या दोन महिन्यांत सुमारे २५,००० प्रती गेल्या असं मानतात. १६३१ ला तीस वर्षांच्या युद्धात जर्मनीतल्या मॅग्डेबुर्ग शहराची राखरांगोळी झाली, त्यावर दोनशेहून अधिक पत्रकं निघाली. ते गॉथिक अक्षर जाड आणि काळं, त्यामुळे छपाईत अडचण आली नाही.

आठ पृष्ठांच्या पुस्तिकेला शिलाईसकट ४० रुपयांच्या आसपास पडले, जास्त प्रती घेतल्या तर कमी. सफाईचे पैसे वेगळे, ते आधी विचारून घ्या. नमुना प्रत मागितली तरच मिळते, तेव्हा न चुकता मागा. लग्नसराईत आणि शाळा उघडायच्या सुमारास काम रखडतं, फोनवर ‘उद्या’ ऐकावं लागतं. फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, चित्रं फुटतात. पेन ड्राइव्ह घेऊन जा. शिलाई हवी असेल तर घडीच्या बाजूला दीड सेंटिमीटर समास सोडा. आणि शक्यतो सकाळी जा. तेव्हा काका स्वतः टेबलावर असतात.